खंतेचा हिशेब: स्वतःपुरते शिकणे आणि दुसऱ्याला पटवणे



आज आपल्याला एखाद्या ग्रंथाची नव्हे, तर एका गणिती कल्पनेची समीक्षा करायची आहे. कल्पनेचे नाव आहे ‘रिग्रेट’. अनिश्चिततेत एकामागून एक निर्णय घेणारे जे अल्गोरिदम आहेत, ‘बँडिट’ अल्गोरिदम किंवा ‘बेझियन ऑप्टिमायझेशन’ या नावांनी ओळखले जाणारे, त्यांची परीक्षा या एका मापाने होते. ज्याचा रिग्रेट कमी, तो अल्गोरिदम चांगला. तत्त्वज्ञानाचा माणूस या वाटेला कशाला गेला, असे काही जण विचारतील. उत्तर सोपे आहे. ज्या शास्त्राने आपल्या मोजपट्टीला ‘खंत’ असे नाव दिले, ते आपण होऊन आमच्या अंगणात आले आहे. तेव्हा चौकशी करायचा आम्हाला हक्क आहे.

पहिल्यांदा शब्दच बघा. या एका इंग्रजी शब्दासाठी मराठीत किती शब्द आहेत! बस थोडक्यात चुकली की चुटपुट लागते. शेजारचा तरुण मुलगा गेला की हळहळ वाटते. आईला शेवटचे भेटता आले नाही याची रुखरुख राहते. गाणे शिकायचे राहून गेले याची खंत असते. आणि हातून वाईट घडले तर पश्चात्ताप होतो. संतांनी त्याला अनुताप म्हटले. या प्रत्येक शब्दात कोणीतरी एक माणूस आहे, त्याच्या मनाला काहीतरी लागलेले आहे. गणितातल्या रिग्रेटमध्ये असा माणूस नाही. तिथे फक्त एक वजाबाकी आहे: सर्वांत चांगला पर्याय सतत निवडला असता तर जे मिळाले असते, त्यातून प्रत्यक्षात जे मिळाले ते वजा करा. व्यापाऱ्याच्या भाषेत हुकलेला नफा. आम्ही आज त्याला ‘खंत’ म्हणू, पण हा अर्थ ध्यानात ठेवून.

आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाट चुकायला नको. ही कल्पना मोलाची आहे, आणि तिने अज्ञानाविषयी आपल्याला एक खरी गोष्ट शिकवली. पण ती शिकणाऱ्याच्या स्वतःच्या वहीतला हिशेब मांडते. शिकलेले दुसऱ्याला पटवून देण्यासाठी जी किंमत मोजावी लागते, ती त्या वहीत धरलेली नाही. आणि चूक कोणाच्या अंगावर पडली, याचा तर तिथे रकानाच नाही. जिथे डाव पैशांचा किंवा क्लिकचा आहे, तिथे हे चालून जाते. जिथे डाव माणसांचा आहे, तिथे चालत नाही.

आता मूळ प्रश्न. जुगारखान्यात एका दांड्याचे यंत्र असते. नाणे टाका, दांडा ओढा, नशीब बघा. अमेरिकेत त्याला गमतीने ‘एकहाती लुटारू’ म्हणत, कारण खिसा रिकामा करायला त्याला एकच हात पुरतो. अशी अनेक यंत्रे समोर आहेत, प्रत्येकाची पैसे देण्याची शक्यता वेगळी, आणि ती आपल्याला माहीत नाही. कोणता दांडा किती वेळा ओढायचा? जो आतापर्यंत बरा वाटला तोच ओढत राहावे, की ज्याची नीट पारख झाली नाही त्याला आणखी संधी द्यावी? पहिल्याला उपभोग म्हणा, दुसऱ्याला शोध. दोघांची ओढाताण हाच बँडिट समस्येचा गाभा.

परंतु या प्रश्नाचा जन्म जुगारातून झालेला नाही, हे विसरू नका. १९३३ साली विल्यम थॉम्पसन यांनी ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात यावर पहिला निबंध लिहिला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर उपचार होते, रोगी होते. दोन उपचारांपैकी कोणता चांगला याचा पुरावा अजून तोकडा आहे. मग ज्या उपचाराच्या बाजूने जितकी संभाव्यता, तितक्या प्रमाणात त्याला रोगी द्यावेत, अशी त्यांची सूचना होती. पुढे १९५२ साली हर्बर्ट रॉबिन्स यांनी प्रश्नाला आधुनिक गणिती रूप दिले. थॉम्पसन यांची युक्ती मात्र कित्येक दशके जवळजवळ अडगळीत पडली होती. ती पुन्हा बाहेर आली ती २०१० च्या आसपास, संकेतस्थळांवर कोणती जाहिरात आणि कोणती बातमी पुढे ठेवायची या कामासाठी. रोग्यांसाठी निघालेली युक्ती क्लिकसाठी वापरात आली. याबद्दल तक्रार नाही. पण या प्रवासात काही सामान मागे राहिले का, हे आपण बघणार आहोत.

आता थोडे आकडे घेऊ. घाबरू नका, शाळेतलेच गणित आहे. समजा दोन औषधे आहेत. पहिल्याने १०० पैकी ६० रोगी बरे होतात, दुसऱ्याने ५०. हे आकडे देवाला ठाऊक आहेत, डॉक्टरला नाहीत. दहा लाख रोगी एकामागून एक येणार आहेत. डॉक्टरने प्रत्येक वेळी नाणे उडवून औषध दिले, तर पाच लाख लोकांना कमी गुणकारी औषध मिळेल, आणि त्यातले दहा टक्के, म्हणजे ५०,००० लोक, जे बरे होऊ शकले असते ते होणार नाहीत. ही झाली खंत: ५०,०००.

हुशारीने वागले तर ती किती खाली आणता येईल? १९८५ साली त्झे ल्युंग लाय आणि रॉबिन्स यांनी याचे उत्तर दिले. कितीही हुशार अल्गोरिदम आणा, एका मर्यादेखाली खंत जाऊच शकत नाही, आणि ती मर्यादा रोग्यांच्या संख्येच्या लॉगरिदमच्या प्रमाणात वाढते. लॉगरिदम फार सावकाश वाढतो: हजाराचा नैसर्गिक लॉगरिदम सुमारे ६.९, तर दहा लाखांचा फक्त १३.८. वरच्या उदाहरणात त्यांचे सूत्र लावले, तर सुमारे ६८० लोकांना दुसरे औषध द्यावे लागते आणि खंत साधारण ६८ येते. सूत्र फार मोठ्या संख्यांसाठी आहे, त्यामुळे आकडा अंदाजाचा समजा. तरी ५०,००० कुठे आणि ६८ कुठे! दोन औषधांत फरक अगदी थोडा असेल, समजा ५० आणि ५१, तर पारख करायला जास्त वेळ लागतो. मग सुमारे ६९,००० लोकांना कमी गुणकारी औषध मिळते आणि खंत ६९० पर्यंत जाते.

हे ६८ म्हणजे काय, याचा जरा विचार करा. ही कोणाच्या निष्काळजीपणाची किंमत नाही. हा गणिताने सिद्ध केलेला अज्ञानाचा किमान दंड आहे. माहीत नसताना शिकायचे असेल, तर काही चुका कराव्याच लागतात, आणि त्या किती हेही सांगता येते. नीतिशास्त्रात आम्ही वर्षानुवर्षे घोळ घालत आलो की चूक आणि दोष यांत फरक कसा करायचा. इथे गणित सांगते की इतक्यापर्यंतची चूक ही शिकण्याची फी आहे, त्यापुढची तुमच्या पद्धतीची उणीव. आम्हाला हे या शास्त्राचे मोठे श्रेय वाटते.

आणखी एक बारीक गोष्ट. एखाद्या भोंदू वैद्याने पहिल्या दिवसापासून डोळे झाकून पहिलेच औषध दिले, आणि नशिबाने तेच चांगले निघाले, तर त्याची खंत शून्य! मग लाय आणि रॉबिन्स यांचा सिद्धांत खोटा ठरला का? नाही. त्यांच्या सिद्धांताला एक अट आहे. अल्गोरिदमने केवळ याच परिस्थितीत नव्हे, तर दुसरे औषध चांगले असते त्या परिस्थितीतही बरे वागून दाखवले पाहिजे. म्हणजे जे जग घडलेच नाही त्या जगात तू कसा वागला असतास, असा हा प्रश्न आहे. भोंदू वैद्य तिथे उघडा पडतो. नशिबाचे यश आणि शहाणपणाचे यश यांत भेद करण्याची ही रीत कोणत्याही नीतिज्ञाला मान्य व्हावी.

हे साधायचे कसे, तर २००२ साली पीटर आउअर, निकोलो चेसा-बियांकी आणि पॉल फिशर यांनी मांडलेली एक सुटसुटीत पद्धत आहे. प्रत्येक पर्यायाच्या आतापर्यंतच्या सरासरीत थोडी भर घाला. ज्याची पारख कमी झाली त्याला भर जास्त. मग ज्याची बेरीज मोठी तो निवडा. आपल्या कोर्टाच्या भाषेत सांगायचे तर ज्याच्याविषयी पुरावा कमी, त्याला संशयाचा फायदा. पुरावा वाढत जातो तसा फायदा आटतो.

इथवर स्तुती झाली. आता समीक्षा.

ही कल्पना आली कुठून? निर्णयशास्त्राचा पाया अब्राहम वाल्ड यांनी घातला. भारताशी त्यांचे एक दुःखद नाते आहे: डिसेंबर १९५० मध्ये इथे व्याख्यानांच्या दौऱ्यावर असताना निलगिरीच्या डोंगरात विमान कोसळून ते आणि त्यांची पत्नी, दोघेही गेले. पुढच्याच वर्षी लिओनार्ड सॅव्हेज यांनी वाल्ड यांच्या ग्रंथाचे परीक्षण करताना या वजाबाकीला निर्णयाचा निकष म्हणून पुढे आणले. गंमत बघा, ज्यांच्या नावाशी ही कल्पना जोडली जाते त्या सॅव्हेजना ‘रिग्रेट’ हा शब्दच पसंत नव्हता. १९५४ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी आक्षेप घेतला की हा शब्द भावनेने भरलेला आहे, आणि झालेला तोटा त्या माणसाला कधीतरी कळतोच असा गैरसमज त्यातून होतो.

आमच्या मते हा आक्षेप फार खोल आहे. खंत मोजण्यासाठी सर्वांत चांगला पर्याय कोणता हे माहीत असावे लागते. ते माहीत असते तर प्रश्नच उरला नसता. तेव्हा ही खंत शिकणाऱ्याला कधीच दिसत नाही. ती दिसते फक्त बाहेर बसलेल्या, सगळे जाणणाऱ्या प्रेक्षकाला, म्हणजे सिद्धांत लिहिणाऱ्या गणितज्ञाला. आपल्या रुखरुखीचे नेमके उलटे आहे. ती ज्याच्या हातून घडले त्यालाच लागते, त्याचा दोष नसला तरी. इंग्लंडचे तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी उदाहरण दिले होते: ट्रकचालकाची काहीही चूक नसताना त्याच्या गाडीखाली मूल येते. आपण त्याची समजूत घालतो, पण त्याला काहीच वाटले नाही तर आपल्यालाच तो माणूस विचित्र वाटेल. महाभारतातला युधिष्ठिर घ्या. युद्ध जिंकले, राज्य मिळाले, तरी शांतिपर्वाच्या आरंभी त्याला राज्य नकोसे झालेले आहे. नफ्या-तोट्याची वजाबाकी त्याला समजावता येईल, त्याने त्याचे समाधान होणार नाही. कारण त्याची खंत मेलेल्या माणसांविषयी आहे, आणि ती माणसे वजाबाकीत फक्त आकडा होऊन येतात.

‘पण हे तर शब्दावरून भांडण झाले,’ असे कोणी म्हणेल. गणितज्ञ म्हणतील, नाव बदला, तोटा म्हणा, पुढे चला. ठीक, पुढे जाऊ. शब्दाच्या पलीकडची अडचण बेझियन ऑप्टिमायझेशनकडे वळले की दिसते.

इथे पर्याय दोन-चार नसतात, अगणित असतात. १९५१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतले खाण-अभियंता डॅनी क्रिग यांच्यापुढचा प्रश्न असा होता: जमिनीत मोजकीच भोके पाडली, तर त्यांवरून मधल्या भागात सोने किती असेल याचा अंदाज कसा करायचा? जवळच्या जागांचे निकाल साधारण जवळचे असतात हे गृहीत धरायचे आणि प्रत्येक न खणलेल्या जागेविषयी दोन गोष्टी मांडायच्या: अंदाज आणि त्या अंदाजाची अनिश्चितता. १९७० च्या दशकात लिथुआनियाचे योनास मोत्स्कुस यांनी महागड्या प्रयोगांमधून सर्वोत्तम मूल्य शोधण्यासाठी बेझियन पद्धत विकसित केली. २०१० साली निरंजन श्रीनिवास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही प्रवाह जोडले: संशयाचा फायदा देण्याची बँडिटची रीत इथे लावली, आणि एकूण खंत किती वाढेल हे सिद्ध करून दाखवले.

पण या क्षेत्रात खंतेचे दोन प्रकार मानतात. एक, संचित खंत: वाटेत केलेल्या प्रत्येक प्रयोगात जे हुकले त्याची बेरीज. दुसरी, अखेरची खंत: प्रयोग संपल्यावर जो पर्याय सुचवला तो सर्वोत्तमाहून किती कमी पडला, एवढेच. वाटेत काय झाले याची चौकशी नाही. २०१७ साली गूगलच्या संशोधकांनी या पद्धतीने चॉकलेट चिप कुकीची कृती सुधारली. प्रमाणे बदलत कुकी भाजायच्या, लोकांनी खाऊन गुण द्यायचे, पुढची कृती अल्गोरिदमने सुचवायची. इथे अखेरची खंत पुरेशी आहे. मधली एखादी कुकी बेचव झाली तर कोणाचे काय बिघडले? पण कुकीच्या जागी औषधाची मात्रा ठेवा. आता मधला प्रत्येक प्रयोग एक माणूस आहे.

आणि २००९ साली सेबास्तियन ब्युबेक, रेमी म्युनोस आणि जिल स्टोल्त्झ यांनी दाखवले की या दोन खंतांचे आपसात पटत नाही. संचित खंत फार खाली आणू गेलात, तर अखेरची खंत त्या वेगाने खाली येत नाही. कारण उघड आहे. जो वाटेत चुका करायला फार घाबरतो, तो कमी पारखलेल्या पर्यायांकडे फिरकत नाही, आणि शेवटी त्याचे ज्ञान तोकडे राहते. म्हणजे कोणती खंत मोजायची हे आधी माणसालाच ठरवावे लागते, आणि ते ठरवणे गणिताचे काम नाही. ते नीतीचे काम आहे. पाठ्यपुस्तकात मात्र ते व्याख्येच्या ओळीत सहज उरकून जाते.

आता ज्या उदाहरणासाठी आम्ही हा विषय घेतला, तिथे येऊ.

काही नवजात अर्भकांची फुप्फुसे जन्मतःच काम करेनाशी होतात. ‘एक्मो’ नावाचे यंत्र बाळाचे रक्त शरीराबाहेर घेते, त्यात प्राणवायू मिसळते, कार्बन डायऑक्साइड काढून टाकते आणि रक्त परत आत सोडते. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात रॉबर्ट बार्टलेट आणि सहकाऱ्यांनी याची चाचणी घेतली. निष्कर्ष १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या बाळांना जुना उपचार द्यायचा हे त्यांना जड वाटत होते. म्हणून त्यांनी बँडिटच्याच कुळातली एक रीत वापरली, ‘जिंकणाऱ्याची कड घ्या’ अशा नावाची. एका घड्यात दोन उपचारांची एकेक गोटी. जी गोटी निघेल तो उपचार. यशस्वी झाला तर त्याच उपचाराची आणखी एक गोटी घड्यात, अयशस्वी झाला तर दुसऱ्याची.

पहिले बाळ एक्मोवर गेले, वाचले. दुसऱ्याला जुना उपचार मिळाला, ते दगावले. घडा एक्मोकडे झुकला. पुढची दहाही बाळे एक्मोवर गेली आणि सगळी वाचली. हिशेब: एक्मोवर ११ पैकी ११ वाचली, जुन्या उपचारावर १ पैकी १ गेले. खंतेच्या मापाने बघा, याहून चांगली चाचणी क्वचितच सापडेल. बारा बाळांत फक्त एकाला कमी पर्याय मिळाला.

मग जगाने हे मान्य केले का? नाही. टीकाकार म्हणाले, एका बाळावरून जुन्या उपचाराविषयी काय सांगता येते? ते बाळ अधिक आजारी असेल तर? म्हणून हार्वर्डशी संलग्न रुग्णालयांत दुसरी चाचणी झाली, १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली. पहिल्या टप्प्यात जुन्या उपचारावरच्या १० बाळांपैकी ४ गेली, एक्मोवरची ९ च्या ९ वाचली. मग सगळ्यांना एक्मो दिले. २० पैकी १९ वाचली. तरीही शंका उरल्या. ब्रिटनमध्ये १९९३ ते १९९५ या काळात १८५ बाळांवर तिसरी चाचणी झाली, सरळ समसमान वाटणीची. एक्मोच्या गटातली ९३ पैकी ३० बाळे दगावली, दुसऱ्या गटातली ९२ पैकी ५४. देखरेख समितीच्या सल्ल्याने चाचणी वेळेआधी थांबवली गेली. आमची साधी त्रैराशिके सांगतात की दुसऱ्या गटात एक्मो मिळाले असते, तर सुमारे २४ बाळे अधिक वाचली असती.

ही चोवीस बाळे कोणाच्या वहीत लिहायची? मिशिगनच्या वहीत ती येत नाहीत. तो हिशेब बाराव्या बाळाशी बंद झाला. सगळे मिशिगनच्या आखणीवर ढकलणे अन्यायाचे होईल, हेही सांगितले पाहिजे. यंत्राचा खर्च, त्याचे धोके, वाचलेल्या बाळांच्या पुढच्या वाढीविषयीची काळजी अशी इतर कारणेही होती. पण एवढे खरे की पहिल्या चाचणीने स्वतःची खंत कमी केली आणि इतरांची शंका तशीच ठेवली. शंकेचे देणे दुसऱ्यांनी फेडले.

इथे आम्हाला आपल्या न्यायशास्त्राची आठवण होते. दिङ्नागांनी अनुमानाचे दोन प्रकार केले आणि पुढे नैयायिकांनीही ते स्वीकारले: स्वार्थानुमान आणि परार्थानुमान. स्वयंपाकघरात धूर आणि अग्नी सोबत पाहिलेला माणूस डोंगरावर धूर बघतो आणि मनाशी म्हणतो, तिथे अग्नी आहे. हे स्वार्थानुमान, स्वतःपुरते. इथे ‘स्वार्थ’ या शब्दात आपमतलबीपणा नाही. हेच दुसऱ्याला पटवायचे असेल तर नैयायिकाला पाच अवयवांचे वाक्य मांडावे लागते, आणि त्यात दृष्टान्त लागतो. तोही शक्यतो दोन्ही बाजूंनी: जिथे धूर तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघर, जिथे अग्नी नाही तिथे धूर नाही, जसे सरोवर. पहिला अन्वय, दुसरा व्यतिरेक.

आता मिशिगनची चाचणी या चष्म्यातून बघा. अन्वयाचे दृष्टान्त अकरा, व्यतिरेकाचा एक. अल्गोरिदम स्वतःपुरता शिकला, अगदी लवकर शिकला. पण सरोवराकडे त्याने एकदाच पाहिले, आणि समोरचा माणूस विचारत होता, सरोवराचे काय? खंत कमी करणे म्हणजे व्यतिरेकाचे दृष्टान्त कमीत कमी गोळा करणे. हा या रीतीचा अपघाती दोष नाही, तिच्या उद्दिष्टातूनच तो येतो. शिवाय असा गोळा केलेला पुरावा थोडा तिरका असतो. एखाद्या पर्यायाची सुरुवात दुर्दैवाने वाईट झाली, तर अल्गोरिदम त्याला सोडून देतो, आणि आपले नाव सुधारायची संधी त्या पर्यायाला मिळत नाही. म्हणून अशा आकड्यांची साधी सरासरी खऱ्यापेक्षा कमी येण्याकडे झुकते.

याच्या उलट २०२० सालचे उदाहरण घ्या. कोविडच्या काळात ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त औषध २,१०४ रोग्यांना दिले गेले, ४,३२१ रोग्यांना नेहमीचे उपचार मिळाले. वाटणी आधी ठरलेली, निकालांप्रमाणे बदलणारी नव्हे. अठ्ठावीस दिवसांतले मृत्यू २२.९ टक्के विरुद्ध २५.७ टक्के. खंतेच्या मापाने ही चाचणी उधळी ठरेल. चार हजारांहून अधिक लोकांना कमी पर्याय मिळाला. पण जूनमध्ये निकाल जाहीर झाला आणि थोड्याच काळात जगभरच्या रुग्णालयांत, आपल्याकडेही, हे औषध वापरात आले. ते परार्थानुमान होते. सरोवर सगळ्यांना दिसले होते.

गणितज्ञ यावर उत्तर देतील, आणि ते ऐकले पाहिजे. ते म्हणतील, रोग्यांची संख्या बारा कशाला धरता? पुढचे सगळे रोगी, सगळ्या रुग्णालयांतले, त्या संख्येत घ्या. मग खंतेच्या हिशेबातच पुरेसा शोध आपोआप येईल. सर्वोत्तम पर्याय ठरावीक खात्रीने ओळखण्याचे वेगळे सिद्धांतही आहेत. हे उत्तर निम्मे बरोबर आहे. संख्या मोठी धरली की हिशेब सुधारतो. पण त्यात असे गृहीत आहे की सगळी रुग्णालये मिळून निर्णय घेणारा एकच आहे, आणि त्याला जे कळले ते सगळ्यांना कळले. जगात असा एकच निर्णय घेणारा नसतो. हजारो डॉक्टर असतात, प्रत्येकाचा आधीचा अनुभव वेगळा, शंका वेगळी. माझी खात्री तुझी खात्री होत नाही. ती करून द्यावी लागते. खात्री करून देण्याच्या या कामाला सूत्रात जागा नाही.

आणि उरलेले निम्मे? बेरीज. सूत्र सगळ्या रोग्यांची खंत एकत्र करते, जणू दहा लाख लोक म्हणजे एकच दीर्घायुषी माणूस, आज थोडे गमावून उद्या कमावणारा. जुगाऱ्याच्या बाबतीत ते खरे आहे. आज दांडा ओढून हरणारा आणि उद्या जिंकणारा तोच. औषधाच्या बाबतीत खोटे आहे. जे ६८ जण शिकण्याची फी भरतात, त्यांना शिकवणीचा लाभ मिळत नाही. फी एकाची, पदवी दुसऱ्याची. एकूण ६८ हा आकडा कितीही लहान असला, तरी त्या ६८ जणांपुढे काहीतरी सांगण्याचे कर्तव्य आपल्यावर राहते: त्यांना विचारले होते का? त्यांना माहीत होते का?

म्हणून बँडिट अल्गोरिदम टाकून द्यावेत असे आम्ही म्हणत नाही. नेटफ्लिक्सने २०१७ मध्ये सांगितले की एकाच चित्रपटासाठी कोणत्या प्रेक्षकाला कोणते चित्र दाखवायचे हे ते अशा पद्धतीने ठरवतात. ठरवोत बापडे. तिथे शिकणारा एकच आहे, पटवायचे कोणाला नाही, आणि चुकीच्या चित्राने कोणाचा संसार बुडत नाही. पण हीच पद्धत कर्ज कोणाला द्यायचे, कोणत्या शाळेत कोणता प्रयोग करायचा, कोणत्या वॉर्डात कोणते औषध द्यायचे इथे येते, तेव्हा ‘आमचा रिग्रेट सर्वांत कमी आहे’ हे वाक्य ऐकून मान डोलवू नका. तीन प्रश्न विचारा. ही फी कोण भरतो, आणि त्याला ते माहीत आहे का? शिकलेले कोणाला पटवायचे आहे, आणि त्याच्यासाठी सरोवराकडे पुरेसे पाहिले आहे का? आणि हिशेबाची वही कुठे बंद केली, त्या पानाच्या पुढे कोण उरले?

लाय आणि रॉबिन्स यांनी दाखवले की अज्ञानाची काही किंमत कोणालाच चुकवता येत नाही. ती मोजताना कोणाकडून वसूल झाली हेही लिहून ठेवणे, एवढे तरी आपल्या हातात आहे. प्रश्न असतील तर जरूर पाठवा, पुढच्या बैठकीत त्यांवर बोलू.